मिरीच्या रक्तातला जादा डोस

“कुणीतरी माझ्या मिरीचा जीव घेतंय, वरदा!”

अंगातला कोटही न काढता अलकाकाकू खुर्चीत कोसळल्या. लंडनमधल्या इल्फर्डच्या त्या एवढ्याशा ऑफिसात नील ताडकन उठून बसला. वरदा खाजगी डिटेक्टिव्ह, तो तिचा असिस्टंट. आठवडाभर दोघं नुसती माशा मारत होती. अखेर केस आली!

मिरी ही काकूंची काळी मांजर. थायरॉइड वाढलेलं, म्हणून रोज गोळी आणि अधूनमधून ब्लड टेस्ट. मागची टेस्ट झकास होती. काल मात्र ओकून ओकून ती निपचित पडली. व्हेट म्हणाली, थायरॉइड पार तळाला गेलंय, औषध फार जास्त होतंय.

“गोळी कोण देतं?”

“हे.” काकूंनी पर्समधून रुमाल काढला. “विसरून परत देत असतील. यांना मेमरी क्लिनिकला न्यायचं ठरवलंय मी.”

“गोळ्यांची बाटली लवकर संपते?”

“नाही गं. नवी नेहमीच्याच वेळी आणते.”

काय फालतू प्रश्न, नीलला वाटलं.

काकूंच्या घरी त्यांचे यजमान शशिधरकाका मिरीला मांडीवर घेऊन बसले होते. “आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये भूल दिली,” ते म्हणाले, “डोस कधी चुकला नाही. मला आठवतं, मी एकदाच देतो. पण माझ्या आठवणीवर आता मीच कसा विश्वास ठेवू?”

“काल ओकीत काय होतं, काका?”

“मासा. आमच्याकडे मासा येतच नाही. हिला फक्त कोरडी बिस्किटं.”

ब्रॅकनेलहून आलेला त्यांचा मुलगा नकुल सटासट शिंकत होता. त्याचं मराठी इंग्लंडातच वाढलेलं. “मला ॲलर्जी आहे. कॅट नसेल तर आईबाबा माझ्याकडे राहायला येईल. पण म्हणून मी तिला मारेल? कमॉन!”

नीलनं वरदाला कोपरानं ढोसलं. मोटिव्ह! पण ती केव्हाच शेजारच्या घरी, एकट्या राहणाऱ्या सारासमोर उभी होती.

साराच्या भिंतीवर एका तांबूस बोक्याचा फोटो होता. “माझा टॉफी,” ती इंग्रजीत सांगू लागली. “खा खा खायचा, तरी नुसती हाडं. नुकताच गेला. मिरीही तशीच वाळलेली. घरच्यांना दिसत नाही का?”

“तुमच्याकडे येते ती?”

“रोज! डब्यातल्या सार्डिन माशांसाठी जीव टाकते.”

वरदाचे डोळे चमकले. “चला माझ्याबरोबर.”

काकूंच्या किचनमध्ये सगळे जमले.

“जादा गोळ्या घरातल्या असत्या, तर बाटली आधीच रिकामी झाली असती,” वरदा साराला कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली. “ती झाली नाही. म्हणजे काका सुटले, मांजरच न पाळणारा नकुलही सुटला. जादा औषध बाहेरचं. बाहेरून मिरीच्या पोटात काय येत होतं? मासा. मासा कोण देतं? सारा. आणि टॉफीसारखं खाऊन खाऊन वाळणं हे कशाचं लक्षण, काकू?”

“थायरॉइडचं!” काकू पुटपुटल्या.

“सारा, टॉफीच्या उरलेल्या गोळ्या कुठे आहेत?”

साराचा चेहरा पांढराफटक पडला. “सार्डिनमध्ये घालून... मला वाटलं, तिला कुणी औषधच देत नाही. मला तिला वाचवायचं होतं!”

काकूंनी काकांचा हात धरला. “अहो, मी तुमच्यावरच संशय घेतला!”

काकांनी मात्र आधी रडणाऱ्या साराला खुर्ची दिली. “मिरीला येऊ दे तुमच्याकडे. तुमचं घर रिकामं नको. फक्त गोळी या घरातच.”

मग ते बायकोकडे वळले. “कोण देणार ती?”

“तुम्हीच,” काकू म्हणाल्या. “दुसरं कोण?”