अठरा नंबरचा बिल्ला

पाचव्या निवाऱ्यातून सहाव्याकडे निघायचं, तर त्याआधी एकच काम असतं. दाराशेजारच्या तारेवरून एक बिल्ला काढून घ्यायचा. पत्र्याचे पातळ, तळहातात मावणारे बिल्ले, खिळ्यानं ठोकून ठोकून त्यांवर आकडे उमटवलेले. निघणाऱ्यानं एक घ्यायचा आणि पुढच्या निवाऱ्यात पोचलं, की तिथल्या राखणदाराच्या हातात ठेवायचा. दुपारी मागचा राखणदार तार तपासतो आणि कुठले आकडे गेले ते वायरलेसवरून पुढच्याला कळवतो. जेवढे निघाले तेवढे पोचले, तर दोघंही निवांत चहा पितात. एक जरी कमी पडला, तर चहा तसाच ठेवून माणूस शोधायला बाहेर पडतो. नऊ दिवसांच्या त्या डोंगरवाटेवर कायदा म्हणाल तर एवढा एकच.

भागूबाईनं तो मोडला नाही. तिनं बिल्ला घेतला. घाईत घेतला, एवढंच.

भागूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरात पाल दिसली की ती पलंगावर, कुकरची शिट्टी झाली की हातातला पेला जमिनीवर. म्हणून दादानं लहानपणीच तिला भित्री भागूबाई करून टाकलं होतं. मोठी झाली, पदवी घेतली, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायला लागली, तरी नाव काही सुटेना. "तू? नऊ दिवस? एकटी?" दादा पोट धरून हसला होता. "अगं, तू माळ्यावर जायचं तरी मला सोबत नेतेस!" त्या हसण्याची ठिणगी पडली आणि बाईसाहेब सॅक पाठीला लावून निघाल्या.

पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी पहाटे तिनं दार किलकिलं केलं, तर बाहेर काही नव्हतंच. डोंगर नव्हता, झाडं नव्हती, पायरीसुद्धा नव्हती. ओलं, पांढरं, सगळं गिळून बसलेलं धुकं, आणि त्यातून टपटपणारा पाऊस. राखणदार उठला असता, तर त्यानं तिला नक्की थांबवलं असतं. आणि थांबली असती, तर पुन्हा निघायचं धाडस झालं नसतं, हे ती ओळखून होती. म्हणून अंधारातच चाचपडत तिनं बिल्ला ओढला, खिशात कोंबला आणि चोरपावलांनी बाहेर पडली.

दहाच्या सुमारास मागे काठीचा आवाज यायला लागला.

टक्... टक्... दगडावर लोखंडी टोक आपटावं तसा. ती थांबली. आवाज थांबला, पण एक टक् उशिरानं. 'प्रतिध्वनी,' ती स्वतःला म्हणाली. तिच्या हातात काठी नव्हती, हे तिच्या लक्षात आलं. पण तेवढ्यापुरतं तिनं ते लक्षात येऊ दिलं नाही. चष्मा पुसून पुसून रुमालाचा पोतेरा झाला होता. काच पुसली तरी धुकं तेवढंच, चष्मा काढला तरी तेवढंच. दुकानात ती लोकांना म्हणायची, "आता खालची ओळ वाचा." इथं वरचीही ओळ दिसत नव्हती. कुजलेल्या पानांचा आणि ओल्या लोकरीचा वास तेवढा येत होता. लोकर कुणाची, कोण जाणे. तिच्या अंगावर लोकर नव्हती.

मग ती मोठ्यानं पावलं मोजायला लागली. स्वतःचा आवाज सोबतीला असला की बरं वाटतं. मागची काठी दुपारपर्यंत येत राहिली. जवळ नाही, लांबही नाही.

साडेतीनला सहाव्या निवाऱ्याचं दार हाताला लागलं, तेव्हा तिला रडूच फुटलं.

"आली गं बाई एक!" आतून हाक आली. राखणदार काका, पांढऱ्या मिशांचे, वाळक्या अंगाचे. "ये पोरी. भिजलेलं कोकरू दिसतेस."

"आधी तिला बूट तर काढू द्या," स्टोव्हजवळून मावशी म्हणाल्या. काकांची बायको; तिथला स्वयंपाक, चादरी, औषधं सगळं त्यांच्याकडे. "माणूस दारात आलं की यांना बिल्ला आधी, जीव मागाहून."

"बिल्ला आहे म्हणून जीव आहे," काका म्हणाले. "चाळीस वर्षं सांगतोय, पण घरात कोण ऐकतंय?" त्यांनी तिच्या हातून बिल्ला घेतला, उजेडात धरला. सतरा. तो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ते वायरलेसकडे वळले. जुना, जड पेटीएवढा संच, भिंतीला स्क्रूनं बसवलेला.

"सतरा पोचली," काका म्हणाले.

"झकास," पाचव्या निवाऱ्याच्या राखणदाराचा आवाज खरखरला. "आणि अठरा?"

काकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तुझ्याबरोबर कोण होतं?"

"कुणी नाही. मी एकटीच."

"अरे, ही म्हणते एकटी आहे."

"म्हणू दे. इथं तारेवर सतराही नाही, अठराही नाही. रात्री मुक्कामाला पाचजण होते, सकाळी मी उठायच्या आत सगळे पांगले. खाली कोण उतरलं, वर कोण आलं, मला काय ठाऊक?"

काका तिच्यासमोर उकिडवे बसले. आवाज खाली आला. "नीट आठवून सांग, बाळ. मागे कुणाची चाहूल होती?"

तिला 'नाही' म्हणता आलं असतं. पण ती भित्री होती, खोटारडी नव्हती. "होती... काठीचा आवाज येत होता. दुपारपर्यंत."

काका उठलेच. रेनकोट चढवला, खांद्यावर दोर घेतला, गळ्यात शिटी अडकवली. "एक लांब शिटी म्हणजे शोधतोय. दोन म्हणजे सापडला, घेऊन येतोय," ते तिला म्हणाले, जणू तिला पुढे उपयोगी पडणार होतं. मग मावशींकडे वळले. "आणि तू गं, घंटा चालू ठेव."

"कानटोपी घ्या," मावशी म्हणाल्या.

"घेतली."

"खिशात नको, डोक्यात घाला."

काका हसले आणि धुक्यात गेले. चार पावलांवर दिसेनासे झाले.

दारापासून दहा हातांवर एका खांबाला घंटा होती. मावशी थोड्या थोड्या वेळानं बाहेर जाऊन तिचा दोर ओढायच्या. धुक्यात परतणाऱ्याला तेवढी एकच दिशा. मधूनच लांबून शिटी यायची. एक लांब. मावशी मान हलवायच्या आणि भांडी घासायला लागायच्या.

भागूबाईनं रेनकोट काढून दोरीवर टाकला. खिसे उलटे केले: बिस्किटांचा लगदा, पोतेरा झालेला रुमाल. आणि खिशाच्या अस्तराला आतून चिकटलेलं काहीतरी थंडगार. तिनं ते नखानं सुटं केलं.

अठरा.

ओले पातळ पत्रे एकमेकांना चिकटतात, पाण्यानं काचा चिकटाव्यात तसे. पहाटे अंधारात तिनं एक नाही, दोन ओढले होते.

"मावशी..." तिनं नुसता हात पुढे केला.

मावशींनी बिल्ला पाहिला. ओल्या हातांनी पदर घट्ट ओढून घेतला. "म्हणजे मागे कुणी नव्हतंच?"

"पण काठी... मी खरंच ऐकली होती, मावशी! आईशप्पथ!"

"अगं, पण मग हे या पावसात कुणाला शोधताहेत?"

"त्यांना परत बोलवा ना! घंटा जोरात—"

"घंटेनं वाट कळते, निरोप कळत नाही. माणूस सापडेपर्यंत ते माघारी फिरायचे नाहीत. एकदा तर तीन दिवस..." मावशी थांबल्या.

बाहेर शिटी वाजली. लांब. आणि लगेच दुसरी, तेवढीच लांब.

सापडला. घेऊन येतोय.

भागूबाईचा जीव भांड्यात पडला. होतं तर मग कुणीतरी! आपण वेड्या नव्हतो! ती हसत मावशींकडे वळली आणि हसू तिथंच विरलं. मावशी तिच्या हातातल्या बिल्ल्याकडे बघत होत्या.

"निघालेलं माणूस एकच," मावशी हळूच म्हणाल्या. "ती तू. मग यांना सापडलं कोण?"

पंधरा मिनिटांनी दार वाजलं. आत आलेला माणूस मध्यम वयाचा होता. लोकरीचा तपकिरी कोट, हातात काठी, चेहरा हसतमुख, लग्नात ओळख करून दिल्यावर विसरून जावा असा. ओल्या लोकरीचा वास खोलीभर पसरला.

"फार छान ऊब आहे हो इथं," तो म्हणाला. मग भागूबाईकडे वळून ओळखीचं हसला. "तुम्ही हळू चालता, पण माझी तक्रार नाही. मोजताना मात्र गडबड केलीत. चारशे झाल्यावर परत तीनशे एक?"

तिच्या पाठीला भिंत लागली, तेव्हा आपण मागे सरकत होतो हे तिला कळलं.

"हे कुठायत?" मावशींनी विचारलं.

"मागेच आहेत. मला म्हणाले, तू हो पुढे."

"ते कुणाला पुढे सोडत नाहीत. सापडलेल्याच्या कमरेला दोर बांधतात. दोर कुठाय?"

माणसानं आपल्या कमरेकडे पाहिलं. तिथं दोर असावा लागतो, हे त्याला आत्ताच समजलं असावं, तसं. "अच्छा," तो म्हणाला. "दोर."

आणि बाहेर, खूप खाली, शिटी वाजली. एक लांब. काका अजून शोधत होते.

मावशी दाराकडे धावल्या. जाता जाता त्यांनी भागूबाईचं मनगट पकडलं, कानाशी तोंड आणलं. "खाली सांग... माणसं पाठवा म्हणावं. मी घंटा सोडत नाही." बाहेर घंटा सुरू झाली, ठणाणा, न थांबता.

भागूबाईनं वायरलेसचं बटण दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं, कारण एक हात पुरेना. "हॅलो... मी सतरा नंबर... काका बाहेर आहेत, आले नाहीत... माणसं पाठवा, प्लीज..."

"अठरा मिळाला का?"

"बिल्ला मिळाला, पण—"

"दोन बिल्ले?"

"दोन. पण ऐका ना—"

"आणि आत माणसं दोन?"

तिनं मागे पाहिलं. तो माणूस स्टोव्हपाशी हात शेकत होता. "दोन, पण तो—"

"मग जुळलं की! राखणदाराला कुठं बिल्ला असतो? घाबरू नको ताई, म्हातारा पक्का आहे."

तो माणूस काहीतरी पुटपुटला. तिला शब्द कळले नाहीत. नुसती हलकी गुणगुण, थंडीत माणूस करतो तशी.

वायरलेसमधला आवाज हसला. "आणि हे काय? मागे काकाच बोलताहेत ना? कशाला माझी थट्टा करताय? काकांना द्या बघू."

"हे काका नाहीत!"

"अगं, वीस वर्षं ऐकतोय तो आवाज. कानटोपी कुठं ठेवली म्हणून विचारताहेत."

बाहेरची घंटा थांबली.

दार उघडून मावशी उंबऱ्यात उभ्या राहिल्या, केस निथळत, छाती धपापत. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला, झोपेत उतरावा तसा.

"आलात?" त्या म्हणाल्या. "केवढा वेळ लावलात हो. इथं जीव टांगणीला लागला होता."

"मावशी, हे ते नाहीत! बघा ना नीट! शिटी... शिटी बाहेर वाजतेय!"

"घाबरली आहे पोर," मावशी त्याला समजावल्यासारखं म्हणाल्या आणि टॉवेल घेऊन त्याचं डोकं पुसायला लागल्या.

भागूबाई बाहेर पळाली. पायात मोजे, अंगात रेनकोट नाही. कुणालाच खरं वाटणार नसेल, तर निदान घंटा तरी. तिनं दोर धरला आणि ओढत राहिली. हातांची सालटी निघाली. धुकं काळवंडत चाललं होतं. बऱ्याच वेळानं खालून शिटी आली. मग आणखी जरा वर. मग वळणाच्या अलीकडे. काका येत होते! तिच्या घंटेवर येत होते! रडत रडत ती ओढत राहिली.

मागे दार करकरलं. "अगं, आता कशाला वाजवतेस?" मावशींचा मायेचा आवाज. "सगळे आले."

"दार लाव," आतून कुणीतरी म्हणालं. "गारठा येतोय."

कडी सरकल्याचा आवाज तिनं ऐकला. तरी दोर सोडला नाही.

शिटी वाजली. एक लांब. अगदी जवळ, डावीकडून, वीस-पंचवीस पावलांवर. तिनं त्या दिशेला तोंड करून हाक मारायला श्वास घेतला.

तेवढ्यात दुसरी वाजली. तेवढीच लांब, तेवढीच थकलेली. उजवीकडून.

तिनं घंटा थांबवली. दोन्ही शिट्या थांबल्या. दोन्हींकडची पावलंही थांबली, चिखलात, वाट बघत. थांबलं, तर काका उरलेल्या उजेडात वाट चुकणार. वाजवलं, तर दोघंही येणार.

तिच्या हातातला दोर ओला होता, आणि तिनं ओढला नसतानाही तो धुक्यात लोंबणाऱ्या टोकाकडून हळूहळू ताणला जात होता.