धुक्यातला गोलकी

"बॉल द्या की."

"आधी माफी मागा."

"माफी? गोल मी खाल्लाय... अन् माफी बी मीच मागू?"

एकाहत्तर सालच्या नोव्हेंबरात, पूर्णा जंक्शनमागच्या मैदानावर चांगुणा आणि सूर्यभान यांची पहिली गाठ पडली ती अशी, भांडणानं. शिलाईचा क्लास सुटल्यावर ती गोलमागच्या पायवाटेनं स्टेशनकडं निघाली होती. चेंडू फाटक्या जाळीतून निसटला आणि थेट तिच्या हातातल्या गाठोड्यावर आदळला. पोलक्यासाठी बेतलेलं कापड धुळीत पसरलं. तिनं कापड नाही उचललं, चेंडूच उचलला आणि छातीशी धरून उभी राहिली.

समोर गोलकीची पिवळी जर्सी. हात मात्र कोळशानं काळे, कारण सूर्यभान लोको शेडमध्ये फायरमन होता.

"बरं... नाव सांगा," तो म्हणाला.

"नाव कशाला?"

"नाव घेऊन मागितली की माफी पक्की ऱ्हाते."

तिनं हसू दाबलं, चेंडू फेकला आणि नाव न सांगताच निघाली. दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर पाय पुन्हा त्याच वाटेला लागले. तो जाळीला टेकून उभाच होता.

"चांगुणाबाई," तो हळूच म्हणाला, "माफी असावी."

नाव कुठून काढलं, हे तिनं विचारलं नाही. पण घरी, चुडाव्यापर्यंतचं एका स्टेशनाचं अंतर त्या दिवशी फार लवकर सरलं. तिचे वडील लिंबाजी चुडाव्याच्या स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. "आज गाडी भरधाव आणली की ड्रायव्हरनं," असं ती म्हणाली, तेव्हा ते लेकीकडं बघतच राहिले.

त्या वर्षी रेल्वेवाल्यांची देशभराची फुटबॉल लीग चालू होती आणि या भागातले सामने पूर्णेच्या मैदानावर होत होते. संध्याकाळचा सराव आटोपला की तो जाळीच्या आत आणि ती बाहेर... पाचच मिनिटं. पॅसेंजरची घंटा झाली की ती पळायची.

"रविवारी मॅच हाय. याल?"

"मला त्यातलं काय कळतंय?"

"मला बघायचं. बॉल बघायला बाकीचे लोक हायेतच की."

ती गेली. पाच डिसेंबरचा रविवार. लढाई पेटून दोन दिवस झाले होते, पण लीग थांबवायचा हुकूम अजून आला नव्हता. डाव एक-एक असा बरोबरीत होता. उत्तरार्ध रंगात आला असतानाच स्टेशनातला तारबाबू रेघ ओलांडून मैदानात शिरला आणि त्यानं रेफरीच्या हातात कागद दिला. रेफरीनं शिट्टी फुंकली. लांबलचक शिट्टी. बावीस गडी होते तिथंच थांबले, जणू खिळे ठोकून उभे केलेले.

लीग तहकूब. दुसऱ्या कागदावर नावं होती. फौजेच्या गाड्या हाकायला सरहद्दीवर मीटरगेजची माणसं हवी होती. त्यात सूर्यभानचं नाव तिसरं.

तो जाळीशी आला. "उद्याच निघायलोय."

"कुठं?"

"राजस्थानाकडं. पुढचं सांगत न्हाईत." जाळीतून त्याची बोटं बाहेर आली आणि तिच्या बोटांना टेकली. "चांगुणा... थांबशील माझ्यासाठी?"

'बाई' गळून पडलं होतं, 'तुमी'ही. तिनं ओठ उघडले. तेवढ्यात पॅसेंजरची घंटा झाली, आणि ती तशीच पळाली. चुडाव्याला उतरली तेव्हा तिच्या बोटांवर त्याच्या हाताचा कोळसा होता, आणि उत्तर दिलं नाही म्हणून जीव कासावीस.

मग पूर्णेत ब्लॅकआउटचा अंधार आला. खिडक्यांना काळे कागद चिकटले, इंजिनांच्या दिव्यांना टोप्या बसल्या. मैदान मात्र जसंच्या तसं पडून राहिलं. चुन्याच्या रेघा तशाच, जाळ्याही कुणी सोडल्या नाहीत. तिसऱ्या दिवसापासून तिथं आवाज यायला लागला. थप्प... मग बराच वेळ काही नाही... पुन्हा थप्प. चेंडू गोलकीच्या पंजात बसावा तसा.

मैदानाचा राखणदार चंद्रभान तिला म्हणाला, "पोरी, वाट बदल. डाव आर्ध्यात सोडलाय न्हवं? कुणीतरी पुरा करायलाय."

"कोण?"

"ते बघायला मी थांबलो न्हाई."

चांगुणानं वाट बदलली नाही. खाली मान घालून, भराभरा, पण त्याच वाटेनं ती जात राहिली.

त्या शनिवारी दिवेलागणीला नदीकडून धुकं आलं आणि इंजिनांच्या धुरात मिसळलं. गोलमागं येता येता तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थप्प आवाज नव्हता. शंटिंगचं इंजिन समोर धापा टाकत होतं, वाफ दिसत होती... पण तिचाही आवाज नव्हता. कावळे नव्हते, तिच्याच चपलांचा आवाज तिला येत नव्हता. कुणी जगाच्या कानात कापूस कोंबला होता जणू.

आणि गोलमध्ये कुणीतरी उभं होतं.

पिवळी जर्सी. तिच्याकडं पाठ.

"सूर्यभान?"

तो वळला. दोन्ही तळवे कानांवर गच्च दाबलेले, चेहरा कोळशानं माखलेला. बोटांच्या फटीतून काहीतरी ओघळत मनगटापर्यंत आलं होतं. त्याचे ओठ हलले. शब्द उमटला नाही.

तिला पळता आलं असतं. तिनं जाळीत बोटं घातली. जाळी बर्फासारखी गार लागली.

"परत ये," ती म्हणाली. "मी थांबते. ऐकायलास ना? मी थांबते!"

त्यानं हळूहळू हात खाली घेतले. तिच्याकडं असं बघितलं, जसं तहानेल्या माणसानं पाण्याकडं बघावं. मग धुक्याचा एक लोट मधून गेला आणि गोल रिकामा झाला. त्याच क्षणी सगळे आवाज एकदम अंगावर आले. इंजिनाची शिट्टी इतक्या जवळून वाजली की ती किंचाळली. धीर करून ती पुढं गेली. गोलसमोरची माती मऊ होती, पण तिच्यावर एकही पाऊल उमटलं नव्हतं.

त्या संध्याकाळनंतर मैदानात आवाज आला नाही.

मंगळवारी शेडमध्ये खबर आली आणि चुडाव्यापर्यंत पसरली. शनिवारी दिवस मावळताना सरहद्दीजवळ गाडीवर बॉम्ब पडले. ड्रायव्हर सापडला, फायरमन सूर्यभानचा पत्ता नाही.

घरी आई, सरजाबाई, भाकरी थापत होती. रविवारी सोनपेठहून पाहुणे चांगुणाला बघायला यायचे होते. मुलगा मास्तर, स्थळ चांगलं.

"येऊ नका म्हणावं त्यांना," चांगुणा म्हणाली. "मी सूर्यभानला शब्द दिलाय."

"अगं, गेलेल्या माणसाला कसला शब्द! कधी दिलास?"

"शनिवारी. सांजच्याला. मैदानावर."

"शनिवारी तर तो..." सरजाबाईचा हात परातीतच थांबला. भाकरीला चीर गेली, तिकडं तिचं लक्षच नव्हतं.

दारात बसलेले लिंबाजी ऐकत होते. मग उठून त्यांनी टोपी घातली. "सोनपेठला कळवून येतो. पंचवीस वर्सं रुळावर काढली मी. सांजच्या पारी लय काय काय बघितलंय. पोरगी खोटं बोलंना."

दोन दिवसांत लढाई थांबली. लीग काही पुन्हा सुरू झाली नाही. डिसेंबर सरला, जानेवारी सरत आला. शेजारणी सरजाबाईला गाठून हळू आवाजात विचारायच्या, पोरीला कुणा जाणत्याला दाखवलं का? चांगुणा क्लासला जायची, यायची, आणि रोज जाळीपाशी क्षणभर थांबायची. तिथं कुणी नसायचं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळच्या पॅसेंजरमधून तो चुडाव्याला उतरला. डोक्याला पट्टी, अंगावर दुसऱ्याचा कोट, निम्मा झालेला. लिंबाजींच्या हातातला झेंडा तसाच गुंडाळलेला राहिला. चांगुणा वडिलांचा डबा घेऊन आली होती. ती जागच्या जागी उभी राहिली, आणि सगळ्यात आधी तिनं त्याच्या पायांकडं बघितलं. पाऊल मातीत उमटत होतं.

"इंजिनामागच्या टेंडरचा कोळसा अंगावर पडला," तो जवळ येऊन म्हणाला. गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत होता. "खाली गाडला गेलो. धमाक्यानं कान गेले... काईच ऐकू येईना. अन् मंग तुझा आवाज आला, चांगुणा. 'परत ये, मी थांबते.' मी त्या आवाजाकडं उकरत सरकत ऱ्हायलो. भाईर निघालो तर माळावर कुणीच न्हाई."

चांगुणानं डबा छातीशी धरला. आपण काय बघितलं, हे सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. ते सांगायला पुढं सगळा जन्म होता.

"दवाखान्यात महिनाभर स्वतःचं नाव सांगायची शुद्ध नव्हती," तो म्हणाला. "आता डाव्या कानाला जरा जरा येतंय. इंजिनावर घेणार न्हाईत, शेडात हलकं काम देतील. खेळ बी संपला... गोलकीला शिट्टी तर ऐकू याया पायजे. असा हाय मी. आता बोल."

"लगीन करू," ती पुटपुटली.

"काय?"

"लगीन करू म्हणते!"

"मोठ्यानं बोल, जरा!"

"माझ्यासंगं लगीन कर!"

फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. गार्ड डब्यातून वाकला, स्टेशनमास्तर दारात आले. लिंबाजींनी तोंड फिरवून सिग्नलकडं बघितलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

सूर्यभान हसायला लागला. "पैल्याच खेपेला कळलं होतं. ओठांवरून."

"मग तीनदा कशाला वदवलंस?"

"म्हणताना लय देखणी दिसायलीस."

तिनं डबा त्याच्या हातात कोंबला आणि पदरात तोंड लपवलं. चुडाव्याहून ती पॅसेंजर त्या दिवशी चार मिनिटं उशिरा सुटली.