गादीवरचा खळगा

"झोपलेल्या पोरीचं माप घेऊ देऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या होत्या. "आडव्या माणसाचं माप एकच बाई घेते, आणि मग ती कफनाचं पांढरं कापड फाडते."

मी हसले होते. "उम्मी, नौफल घराचं माप घेणार आहे. भिंतींचं."

नौफल माझा नवरा. ट्यूनिसच्या जुन्या शहरातली घरं मोजायची, हे त्याचं काम. खोलीच्या मधोमध तिवईवर यंत्र ठेवायचं. ते सावकाश गोल फिरतं, आणि लेझरचा किरण जिथे जिथे आपटेल तिथला एकेक ठिपका नोंदवत जातं. असे कोट्यवधी ठिपके जमले की पडद्यावर घर उभं राहतं, फरशीच्या टवक्यासकट. मग जाड चष्मा चढवून कुणीही त्यात हिंडावं. मात्र घर रिकामं लागतं. मधे कुणी आलंच तर त्याचे ठिपके पुसून टाकतात. ऑफिसात याला 'सफाई' म्हणतात. चालती माणसं तशीही यंत्राला धड दिसत नाहीत, धुरासारखी फरपटलेली उमटतात.

आमच्या घराची पाळी आली त्या दुपारी नणंदेच्या लग्नाआधीचं न्हाणं होतं. घरातल्या सगळ्या बायका हम्मामला निघालो. दुरसाफला, माझ्या लेकीला, खोकला होता म्हणून तिला मागे ठेवली.

"आधी तिला शेजारी हलीमाकडे सोड, मगच यंत्र लाव," मी नौफलला बजावलं.

"हो गं. अगदी माझ्या आईसारखी बोलायला लागलीस."

"शपथ?"

"तिच्या डोक्याची," तो म्हणाला.

काही दिवसांनी त्याने कौतुकाने मला पडद्यासमोर बसवलं. आमचं अंगण, सासूबाईंचं नारिंगीच्या फुलांचा अर्क काढायचं तांब्याचं भांडं, जिना, सगळं बारीक ठिपक्यांचं. आम्ही वरच्या खोलीत शिरलो. भिंतीतल्या कमानीखाली दुरसाफचा पलंग होता, आणि गादीवर एक काळं भोक.

"हे काय?"

"किरण तिथवर पोचला नाही. वर काहीतरी ठेवलेलं असणार. उशीबिशी."

भोकाला आकार होता. गुडघे पोटाशी घेतलेले. एक हात डोक्यावरून कानापाशी वळलेला. माझी मुलगी अशीच झोपते.

"तू तिला हलीमाकडे सोडलंच नाहीस."

"सोडलं होतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "अगं, झोपली होती. उठवायचं कशाला? हललीसुद्धा नाही, पापण्यांपर्यंत स्वच्छ आली होती. पुसताना जिवावर आलं."

बोलता बोलता त्याने पडद्यावरच आजूबाजूच्या चादरीचे ठिपके घेतले आणि भोकावर पसरले. गादी सपाट झाली. तिथे कधी कुणी निजलं असेल असं वाटेना.

त्या संध्याकाळी मी दुरसाफला पलंगावर ठेवलं. चादर नीट करायला हात घातला आणि तसाच राहिला. गादी दबली नव्हती. ती गादीवर होती, तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता, पण खाली गादीतली लोकर फुगलेलीच होती. मी शेजारी टेकले तर माझ्या वजनाने कड खाली गेली. तिच्या वजनाने नाही.

लोकर नवी आहे, असं मी मनाला सांगितलं. मग जिन्यावर तिच्या लाकडी खडावांचा आवाज येईना. गच्चीवर ती कबुतरांच्या मधोमध धावली आणि एकही उडालं नाही. हलीमा दारात आली, माझ्याशी बोलली, दुरसाफच्या डोक्यावरून हात फिरवायचं विसरली. सासूबाईंनी लग्नासाठी तिचा झगा शिवायला घेतला होता, तो अर्धवट शिवलेलाच घडी करून पेटीत गेला.

"पुन्हा मोज तिला," मी नौफलला म्हटलं. "आत्ता. मी धरून बसते."

त्याने फार समजूतदारपणे यंत्र लावलं. दुरसाफ माझ्या मांडीवर खिदळत होती. यंत्र फिरलं. पडद्यावर मी उमटले, हातांचं कडं करून बसलेली. कड्याच्या आतून मागची भिंत दिसत होती, प्रत्येक टवक्यासकट.

"झालं समाधान?" तो हळूच म्हणाला.

"नाव घे तिचं. एकदा घे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आजारी माणसाकडे पाहावं तसं, काळजीने. मग खाली जाऊन काबुली चण्यांची गरम लबलाबी वाढली. दोनच वाडग्यांत.

मी सासूबाईंकडे गेले. त्यांनीच मला बजावलं होतं, त्यांना तरी आठवेल. त्यांनी माझ्या तळहातावर फुलांचा अर्क शिंपडला.

"रडू नकोस, पोरी. अजून वय आहे तुमचं. होईल मूल."

दुरसाफ माझा झगा धरून उभी होती. तिने ऐकलं.

नौफलबरोबर काम करणारी हेला परवा घरी आली होती. चहा पिताना त्याची थट्टा करत होती. "तुमच्या वरच्या खोलीतली ती गादी काही याला साधत नाही. रोज सकाळी फाईल उघडली की खळगा पडलेला असतो. आणि हा रोज तो बुजवतो."

नौफल हसला. साखर ढवळत राहिला.

हे लिहिताना ती माझ्या मांडीवर आहे. मांडी अवघडत नाही.

आमचं घर आता कुणालाही पाहता येतं. तुम्हाला कुठे तो चष्मा मिळाला तर जा. अंगणातून जिना चढा, वरच्या खोलीत कमानीखाली बघा. सकाळी लवकर जा, तो कामावर पोचायच्या आत. गादी सपाट असेल तर मला कळवू नका. खळगा असेल तर ऑफिसात कुणाला सांगू नका. थोडा वेळ तिथेच थांबा. तिला एकटीला झोप लागत नाही.