मागची लाईट

अथर्वा, तो मोबाईल उपडा ठेव बघू आधी. आणि अनन्या, तू दार लोटून घे, डास येतायत. भीती वाटली तर मधेच उठायचं नाही, सांगून ठेवतो. मागे असंच एकजण उठला आणि न्हाणीघरापर्यंत सोबत मलाच जावं लागलं.

प्रणित तुम्हाला ठाऊक आहे. वडखळला गाड्यांचं वायरिंग करतो, तोच. पोरगा सरळ, हाताला जस असलेला. त्याच्या तोंडून ऐकलंय ते सांगतो, पदरचं काही नाही.

त्याने एक कॅम्पर घेतला होता. म्हणजे चाकांवरची खोलीच म्हणा ना, जीपच्या मागे जोडून ओढत न्यायची. आत बिछाना, छोटी शेगडी, खिडकीला पडदे. रोह्याला नदीकाठी मेव्हण्याची जागा होती, तिथे तो उभा करायचा आणि पर्यटकांना द्यायचा असा बेत. पहिलं गिऱ्हाईक रविवारी सकाळी येणार, म्हणून शनिवारी संध्याकाळी हा निघाला. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्तिकातली अमावास्या.

सोबत बायको, नमिता, आणि पाच वर्षांची मनाली. जीपमध्ये मागे गाद्या-खुर्च्या खच्चून भरलेल्या, पण पुढची सीट मोकळी होती हं. पोरीने हट्ट धरला, "मी आपल्या नव्या घरात झोपूनच जाणार." आता चालत्या गाडीमागे ओढायच्या डब्यात कुणी माणसं झोपवतं का? मी असतो तर कान उपटला असता त्याचा. पण लेकीपुढे बाप मेणाचा. मायलेकी मागे निजल्या आणि हा पुढे एकटा.

नागोठणं मागे पडलं. रोह्याच्या वाटेवरची खिंड लागली. दोन्ही बाजूंना झाडी, वळणावर वळण. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला बाजूने पुढे गेला आणि ओरडला, "ओ भाऊ, मागे लाईट नाय तुमची! डंपर धावतात इथं, मराल!"

प्रणितने आरशात कॅम्परकडे बघितलं. मागून डंपर आला तर आधी कोण सापडणार? बिछान्यावरची पोर.

जरा रुंद जागा बघून त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं, करंट तपासायचा टेस्ट लॅम्प काढला. जीपच्या सॉकेटपर्यंत करंट येत होता. म्हणजे दोष कॅम्परच्या अर्थिंगचा. धरमतरच्या खाडीकाठी महिनाभर उभा होता तो, खाऱ्या वाऱ्याने बोल्ट गंजणारच. रोजचं काम त्याचं. मोबाईलचा टॉर्च लावून तो तोंडात धरला, खाली शिरला, गंज खरवडला, वायर आवळली.

आता लाईट तपासायला माणसं लागतात दोन. एकाने पुढे बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं, लागली की नाही. त्याने कॅम्परच्या पत्र्यावर थाप मारली. "नमिता, जरा उतर गो. मागं उभी ऱ्हा."

आतून "हं" आलं. हा पुढे जाऊन बसला. ब्रेक दाबला आणि गॅरेजमध्ये ओरडतो तसा ओरडला, "लागली काय?"

इथे चुकलं बघा. आपल्याकडची जुनी माणसं काय सांगायची? खिंडीत रात्री हाक मारू नये. मारलीच, तर ओ कुणी दिली ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाऊल पुढे टाकू नये. प्रणितलाही ते माहीत होतं, आजीनेच सांगितलेलं. पण कामाच्या नादात माणसाला आजी कुठे आठवते?

त्याने पाय ब्रेकवर तसाच दाबून धरला.

मग मागून आवाज आला. "नाय..."

बायकी, झोपेतला. हा पुन्हा खाली शिरला. बोल्ट आणखी कसला. पुन्हा पुढे येऊन बसला.

"आता?"

"लागली..."

"डावी?"

"लागली..."

"उजवी?"

"लागली..."

"चल, बस आत."

कॅम्पर मागे जरासा दबला. कुणी चढलं की दबतो तसा. प्रणितने देवाचं नाव घेतलं आणि गाडी सोडली.

एक वळण गेलं, दुसरं आलं. त्याने ब्रेक दाबला आणि सहज आरशात बघितलं. ब्रेकच्या उजेडाने मागची दरड लाल दिसायला हवी होती.

दरड काळी होती.

पुन्हा दाबला. काळंच.

तेवढ्यात फोन वाजला. नमिता. मागून, कॅम्परमधून.

"अहो, झाली काय लाईट? तुम्ही उतर म्हणालात, पण पोर हातावर झोपलेली. मला उठताच आलं नाय."

प्रणितने फोन कानाशी घट्ट धरला.

"तू... उतरली नाय?"

"नाय ओ. मला वाटलं तुम्हाला कुणी भेटलं. मागे बोलत होतं ना कोण तरी..."

मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"अहो."

"काय गो?"

"पायाशी कोण तरी बसलंय..."

त्याने जीप तिथल्या तिथे उभी केली. धावला. दार ओढलं. आत अंधार. नमिता भिंतीला चिकटलेली, डोळे मिटलेले. मनाली जागी. उठून बसलेली. पायथ्याकडे बघत होती, आणि तिचा एक हात पुढे होता. कुणी धरल्यासारखा.

त्याने पोरीला ओढलं. आली नाही. पाच वर्षांची पोर ती, केवढी असणार? पण येईना. नमिताने डोळे उघडले, पोरीला कमरेतून धरलं आणि किंचाळली, "सोड! माझी पोर हाय ती! सोड!"

सुटली.

तिघं रस्त्याकडेच्या गवतात जाऊन पडली. आणि मागच्या वळणावरून उजेड आला...

डंपर.

आवाज काय झाला ते विचारू नका. प्रणित अजून सांगताना कानावर हात ठेवतो. कॅम्पर पार चिरडला, जीप तेवढी पुढे ढकलली जाऊन वाचली. बिछाना होता तिथे बिछाना नव्हता. डंपरचा ड्रायव्हर खाली उतरला. पुन्हा पुन्हा एवढंच म्हणे, "लाईट नव्हती ओ... लाईट असती तर थांबलो असतो ओ..." प्रणितने त्याला काही म्हटलं नाही. लेकीला उराशी धरून तो लहान मुलासारखा रडत होता. रोह्याला पोचेपर्यंत नमिताने पोरीचा हात सोडला नाही.

सकाळी सख्या नावाच्या त्या मेव्हण्याला घेऊन तो सांगाडा उचलायला गेला. मागचा एक दिवा पत्र्याला लोंबत होता. दुसरा उडून गवतात पडलेला. नवल म्हणजे दोन्ही काचा शाबूत. कारागीर माणूस, राहवेना. दोष कशात होता ते कळायला नको? त्याने दोन्ही दिव्यांच्या वायरी जीपच्या बॅटरीला लावल्या.

दोन्ही पेटले. व्यवस्थित. पण उजेड बाहेर येईना. काचेच्या मध्ये काहीतरी काळं.

स्क्रू काढून त्याने पहिली काच उलटी केली. आतल्या बाजूला हाताचा पंजा उमटला होता. बाईमाणसाचा, पाचही बोटं स्पष्ट. सख्याने फडक्याने पुसला. रॉकेल लावून पुसला. गेला नाही.

मग दुसरी काच उघडली.

तिच्यातही पंजा होता. आतूनच.

तो लहान होता... मनालीच्या त्या पुढे केलेल्या हाताएवढा.