चार निळे ठिपके

"इथंच होतं, सर. खिडकीजवळच्या टेबलावर, रुचिराच्या आगबोटीशेजारी," तेजल म्हणाली. हे ती तिसऱ्यांदा सांगत होती.

चंद्रप्रकाश सरांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "अगं, मग तूच घरी नेलं असशील. नाहीतर कुणाच्या धक्क्यानं पडलं असेल आणि गेलं असेल केरात. प्लास्टिकचं तर होतं. पुढच्या मे महिन्यात दुसरं कर."

तेजलची कानशिलं तापली. प्लास्टिकचं तर होतं म्हणे. आता तुम्हीच सांगा, एकवीस दिवस मान मोडून केलेल्या वस्तूबद्दल कुणी असं बोललं तर राग येणार नाही तर काय येणार?

वाकोल्यातल्या मंडळाच्या हॉलमध्ये भरलेला उन्हाळी छंदवर्ग त्या शुक्रवारी संपत होता. बाकीची मुलं आपापली विमानं आणि बोटी पिशव्यांत घालून घरी चालली होती. डोक्यावरून दर पाच मिनिटांनी खरं विमान घरघरत विमानतळाकडे उतरत होतं, आणि तेजल रिकाम्या टेबलासमोर रिकाम्या हातांनी उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना तिचे जोडीदार होते. एक प्रबुद्ध, तिच्याच इमारतीतला, शर्टाच्या खिशात कायम सहा इंची पट्टी बाळगणारा. दुसरी रुचिरा, त्यांच्याहून वर्षानं लहान पण आवाजानं दुप्पट.

"तेजल, चल. इथं भांडून काही होणार नाही," प्रबुद्ध म्हणाला.

"मी भांडत नाहीये. मी विचारतेय," तेजल म्हणाली. पण ती भांडतच होती.

ते विमान तिनं नानांसाठी केलं होतं. नाना म्हणजे तिचे आजोबा. 'नीलपंख' नावाच्या विमान कंपनीत बावीस वर्षं त्यांनी विमानं रंगवली. शेपटीवरचं निळं पीस, पोटावरची पुरुषभर उंचीची अक्षरं, सगळं त्यांच्या हातचं. मग कंपनी बंद पडली आणि विमानं कापून भंगारात गेली. नानांच्या हातानं नाव लिहिलेलं एकही विमान आता जगात कुठं उडत नव्हतं. आणि नानांचे हात आता असे थरथरायचे की चहाचा कप बशीवर वाजायचा.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या रंगखात्यातले जुने सोबती नऊ वर्षांनी एकत्र जमणार होते, तेही तेजलच्या घरी. नानांनी एकेकाला फोन करून सांगून ठेवलं होतं, "माझ्या नातीन इमान केल्यान हा. बघूक येवा."

नानांनी सांगायचं आणि तेजलनं करायचं, असं ते विमान झालं. हातभर लांब. रंग ब्रशनं देता आला, पण खिडक्यांची रांग आणि बोटाच्या पेराएवढी अक्षरं हातानं कशी काढणार? त्यासाठी डीकॅल. म्हणजे पाण्यानं चिकटवायची चित्रं. खास कागदावर लेझर प्रिंटरनं छापायचं, कापायचं, अर्धा मिनिट कोमट पाण्यात ठेवायचं. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ फिल्म सुटून येते. ती सरकवत विमानावर बसवायची, पाणी टिपायचं आणि वाळल्यावर वरून वॉर्निशचा हात द्यायचा. सगळं छापून आणलं होतं मालनताईंच्या झेरॉक्सच्या दुकानातून, आणि तिथंच घोळ झाला होता. मालनताईंच्या प्रिंटरमधल्या, कागदावर रंगाची पूड उमटवणाऱ्या ड्रमवर ओरखडा होता. त्यामुळे छापलेल्या कागदावर दर साडेसात सेंटिमीटरवर एक बारीक निळा ठिपका उमटायचा. खिडक्यांच्या लांबलचक पट्टीवर असे चार ठिपके आले. तेजलला तेव्हाही संताप आला होता, पण खास कागद संपला होता.

"आसूंदेत," नाना म्हणाले होते. "आमच्या इमानांकवय डाग असायचे. पण अक्षर वाकडा दिसता. काढ."

तिनं पोटावरची अक्षरं तीनदा ओली करून तीनदा बसवली होती. नाना रंगखात्यात कुणाचंही कौतुक करायचे नाहीत. फार तर फार "सरळ आसा" म्हणायचे. तेजलला ते दोन शब्द अजून मिळाले नव्हते. रविवारी वॉर्निश वाळलेलं विमान हातात घेऊनच सांगेन, असं ते म्हणाले होते.

हॉलमधून बाहेर पडून तिघं नाक्यापर्यंत आली आणि रुचिरा मध्येच थांबली.

"ए, ते बघ."

नाक्यावर 'अवकाश टूर्स'चं नवं ऑफिस उघडणार होतं. काचेवरचा पुठ्ठा आजच काढला होता. आत लाल मखमलीवर एक विमान ठेवलं होतं. पांढरं, हातभर लांब. पोटावर 'अवकाश टूर्स' आणि शेपटीवर नारिंगी सूर्य.

"तसलंच आहे ना?" रुचिरा म्हणाली. "पण नाव वेगळं आहे यार."

तेजलनं काचेला नाक लावलं. खिडक्यांची रांग मोजत तिची नजर पुढं सरकली. एक निळा ठिपका. मग दुसरा, तिसरा. चौथा अगदी मागच्या दाराखाली.

"माझंच आहे," ती म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की प्रबुद्ध घाबरला.

ती तशीच दार ढकलून आत शिरली. ऑफिसचे मालक नंदकिशोर काका फुलवाल्याशी बोलत होते. हा भला मोठा माणूस छंदवर्गाच्या टोप्या आणि बक्षिसं द्यायचा, त्यामुळे मुलं त्याला ओळखत होती.

"काका, ते विमान माझं आहे."

नंदकिशोर काका हसले. "बाळा, ते सिंगापूरहून आलंय. तुमच्या चंद्रप्रकाश सरांनी मुद्दाम मागवून आणलंय, आपल्या उद्घाटनासाठी. हात लावू नको हं."

म्हणजे असं होतं तर! तेजल तिथून पळत सुटली ती थेट हॉलवर. सर कुलूप लावत होते.

"सर, तुम्ही माझं विमान त्यांना दिलंत."

सर क्षणभर गडबडले, मग त्यांचा चेहरा कडक झाला. "काय वाटेल ते बोलतेस? सगळी विमानं पांढरीच असतात. पुरावा आहे काही?"

"त्याच्यावर मालनताईंच्या प्रिंटरचे ठिपके आहेत."

"ठिपके? ठिपके दाखवून मोठ्या माणसांवर चोरीचा आळ घेतेस? उद्या उद्घाटनाला वेडंवाकडं काही केलंस तर तुझ्या बाबांना बोलावून घेईन."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

घरी गेल्यावर तेजलनं सगळं नानांना सांगितलं. नाना खिडकीत बसले होते. ऐकून घेतलं, आणि कप बशीवर वाजवत म्हणाले, "जांवदे गो. माका सवय आसा. आमची इमाना अशीच गेली. कोणी विचारल्यान नाय."

तेजलला सरांचा आला नव्हता इतका राग नानांचा आला. "जांवदे काय, नाना? तुमचं जाऊ दिलंत म्हणून माझंही जाऊ द्यायचं?"

नानांनी रिकामा कप खाली ठेवला आणि हात मांडीखाली लपवले. ते पाहून तेजल जिन्यात येऊन बसली आणि रागानं रडली. रुचिरा शेजारी बसून सरांना एकेक शिवी सुचवत राहिली. प्रबुद्ध मात्र पट्टीनं गुडघ्यावर टकटक करत होता.

"ठिपक्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही," तो म्हणाला. "खालचं 'नीलपंख' दिसलं पाहिजे. ते त्यांनी खरवडलं असेल तर वाट लागली."

"खरवडलं नाहीये," तेजलनं डोळे पुसले. "वरून कागद चिकटवलाय. 'टूर्स'च्या शेवटी कोपरा उचलला होता, मी पाहिलं. आणि अक्षरांच्या कडा पसरल्यासारख्या होत्या." ती एकदम उठून उभी राहिली. "प्रबुद्ध, सरांकडे घरी कुठला प्रिंटर आहे?"

"शाईचा. माझा प्रकल्प त्यांनी त्याच्यावरच छापून दिला होता. पावसात भिजला तर सगळा... अरे!"

"सरांनी पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?"

तिघंही एका सुरात म्हणाली, "लेझरची पूड पाण्याला घाबरत नाही, शाई पाणी पाहिलं की पळते."

हा नियम सरांनी वीस मुलांकडून वहीत दोनदा लिहून घेतला होता. आणि स्वतः घाईघाईत, घरच्या प्रिंटरवर, साध्या स्टिकरच्या कागदावर नाव छापून मोकळे झाले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

शनिवारी सकाळी उद्घाटन होतं. पूजा झाली, पेढे वाटले गेले. तेजल नानांना घेऊन आली होती. नाना यायला तयार नव्हते, पण ती म्हणाली होती, "तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन." मग ते मुकाट्यानं चपला घालून निघाले. मालनताईही दुकान बंद करून आल्या, कारण त्यांच्या प्रिंटरचं नाव निघालं होतं.

नंदकिशोर काका पाहुण्यांना विमान दाखवत होते. "सिंगापूरचं काम आहे. फिनिशिंग बघा." सर शेजारी उभे राहून मान डोलावत होते. तेजलला पाहताच त्यांची मान थांबली.

काल जिन्यात बसून तेजलनं स्वतःला बजावलं होतं की आज आवाज चढवायचा नाही.

"काका, हे कारखान्यात रंगवलेलं आहे ना?"

"अर्थात."

"मग ओल्या फडक्यानं पुसलं तर रंग जाणार नाही?"

"रंग जाईल? सिंगापूरचा?" काका पाहुण्यांकडे बघून हसले. "हजार वेळा पूस."

"नको, नको," सर पुढं झाले. "मुलांच्या हातात कशाला? नाजूक आहे ते."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना पक्का रंग आहे म्हणून? पुसू दे तिला," काका म्हणाले.

रुचिरानं ओलं फडकं पुढं केलं. तेजलनं ते विमानाच्या पोटावर ठेवलं, दहा आकडे मोजले आणि पुसलं. 'अवकाश टूर्स' निळसर ओघळ होऊन मखमलीवर उतरलं. कागद फुगला, त्याच्या सुरळ्या झाल्या. तिनं बोटानं त्या हलकेच बाजूला केल्या. खालून नाव वर आलं, काळंभोर, ठळक, एकही कड न फुटलेलं. नीलपंख. शेपटीवरचा सूर्यही तसाच वाहून गेला आणि निळं पीस दिसू लागलं.

प्रबुद्धनं खिशातून पट्टी काढली आणि ठिपक्यांवर ठेवली. "साडेसात, साडेसात, साडेसात. मालनताई, तुमचा कागद दाखवा."

मालनताईंनी कालच छापलेला कागद पुढं धरला. "चार महिने झाले, कंपनीचा माणूस येतच नाही दुरुस्तीला. आता बरंच झालं म्हणायचं. हे ठिपके माझेच. सिंगापूरला माझी शाखा नाही."

नंदकिशोर काकांचा चेहरा लालबुंद झाला. "मास्तर, तुम्ही मला एका पोरीची वस्तू उचलून दिलीत? आणि मी गावभर सिंगापूर सांगत फिरतोय?"

सर जमिनीकडे बघत म्हणाले, "मागवायचं विसरलो होतो. ऐनवेळी काय करणार? वाटलं, मुलं काय, दोन दिवसांत विसरतात." आणि चेहऱ्यावर हसू आणायचा प्रयत्न करत पुढं म्हणाले, "पण हुशार आहेस हं तेजल. शेवटी मी शिकवलेलंच वापरलंस."

"हो. तुम्हीच शिकवलंत, आणि तुम्हीच विसरलात," तेजल म्हणाली. "आम्ही नाही विसरत, सर. माफी मागायची असेल तर माझी नको, नानांची मागा. ह्या विमानाचं नाव आधी त्यांनी लिहिलंय."

सरांना सगळ्यांसमोर नानांपुढं हात जोडावे लागले. नानांनी नुसती मान हलवली. जांवदे मात्र म्हणाले नाहीत.

काका तेजलची, प्रबुद्धची आणि रुचिराची पाठ थोपटत राहिले. पाहुण्यांनीही वाहवा केली. पण तेजलचा राग काही उतरला नाही. ओल्या विमानाला पदरासारखी ओढणी गुंडाळून ती तडक घरी निघाली.

रविवारी पाच वाजता सात म्हातारे आले. विमान एकेकाच्या हातातून फिरलं. कुणी शेपटीकडे डोळे बारीक करून पाहिलं, कुणी खिडक्या मोजल्या. एकानं चष्मा सारखा करत विचारलं, "नाना, तुझे हात तर गेले रे. मग हे नाव लिहिलं कुणी?"

नानांनी विमान मांडीवर घेतलं. थरथरणारं बोट 'नी'पासून 'ख'पर्यंत हळूहळू नेलं, मग चारही ठिपक्यांवरून फिरवलं. तेजल दारात उभी होती.

"माझ्या नातीन," नाना म्हणाले. "सरळ आसा."