करारात नाव नसलेली बाई

ही घटना खरी आहे. मी बीडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. तरी आज लिहिते आहे, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाला काही उपाय माहीत असेल, तर तो मला हवा आहे.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. ठिकाण बीडजवळचं नेकनूर, आमचं घर. रात्र नव्हती. संध्याकाळचं ऊन अजून अंगणात होतं.

माझी धाकटी बहीण उज्ज्वला जर्मनीत नर्स आहे. भाषा शिकून, परीक्षा देऊन गेली. तिकडे परक्या माणसाला घर मिळणं फार अवघड. शेवटी एका लहान गावात एका म्हाताऱ्या बाईंच्या घराचा वरचा मजला मिळाला. नवीनच बांधलेला. उज्ज्वला तिथली पहिली भाडेकरू.

ती राहायला गेली त्या दिवशी आईनं तिला फोनवर सांगितलं होतं, "आदी त्या जागेवाल्याला जेवू घाल. कोपऱ्यात दहीभात ठिव. म्हणावं, जागा ज्याची आसंल त्यानं जेवून घ्यावं, आन् आमाला राहू द्यावं."

आमच्या घरी नव्या जागेत हे करतातच. उज्ज्वलानं हसत हसत केलं.

पंधरवड्यानं घरमालकिणीची नोटीस आली.

करारात एकाच व्यक्तीचं नाव आहे. तुम्ही परवानगी न घेता दुसऱ्या बाईला ठेवलं आहे. तिला काढा, नाहीतर घर सोडा.

उज्ज्वला एकटी राहत होती.

घर गेलं तर नोंदवलेला पत्ता जाणार होता, आणि त्याच पत्त्यावर तिचा व्हिसा वाढवायला टाकलेला होता. ती फोनवर नुसती रडायची. "अक्का, मला परत यावं लागेल गं. सगळं वाया जाईल."

तिकडे भाडेकरूंची संघटना असते. सभासद झालं की वकिलाचा सल्ला मिळतो. तिला एक वकीलबाई मिळाल्या. त्या स्वतः लहानपणी बाहेरून त्या देशात आलेल्या. म्हणाल्या, "परक्या भाडेकरूला काढायला अशी कारणं शोधतात. घाबरू नका. दुसरी बाई राहते हे मालकिणीला सिद्ध करावं लागेल."

मी त्यांना फोनवर संकोचत इंग्रजीत विचारलं, त्या जागेत पूर्वी कोणी वारलं होतं का?

त्यांनी चौकशी केली. नाही. कोणीही नाही. आधी तिथे नुसती रिकामी गच्ची होती.

मग ठरलं, वकीलबाई घर बघायला येतील, मालकिणीसमोरच. उज्ज्वलानं आम्हालाही व्हिडिओ कॉलवर घेतलं. तिकडे दुपार होती. आई माझ्या शेजारी शेंगा फोडत बसली होती.

वकीलबाईंनी सगळं पाहिलं. एक पलंग. एक टॉवेल. एक टूथब्रश. दारात एकाच मापाचे बूट.

"इथे एकच व्यक्ती राहते," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्या मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. त्या शांतपणे काहीतरी बोलल्या.

उज्ज्वलाचा चेहरा उतरला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणतात... ती आत्ताही इथेच बसली आहे. खिडकीजवळच्या खुर्चीवर."

खुर्ची मला दिसत होती.

रिकामी होती...

मालकीणबाई म्हणत होत्या, ही ड्युटीवर गेली की ती बाई घरभर चालते. खिडकीतून माझ्याकडे बघून हसते. वाईट नाही ती. पण करार म्हणजे करार.

वकीलबाई आधी हसल्या. मग खुर्चीकडे बघतच राहिल्या. मालकीणबाईंना वाटलं, आपली थट्टा चालली आहे. त्यांचा आवाज चढला. आता समजावणं नाही. घर खाली करण्याची नोटीस आजच.

उज्ज्वला भिंतीला टेकून खाली बसली.

आईनं मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणायली ती म्हातारी? सांग की!"

मी सांगितलं.

आईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "उज्वले, फोन त्या खुर्चीकडं फिरीव."

"आई, तू मध्ये नको..."

"फिरीव म्हणते न्हवं!"

फोन फिरला. खुर्ची आणि पलीकडे दार, दोन्ही दिसत होतं. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि त्या रिकाम्या खुर्चीशी बोलायला लागली. पाहुणीशी बोलावं तशी.

"बाई, तुमाला जेवायला मीच बोलीवलं. पोरीचा काय दोष न्हाई. पर तिचं घर जायलंय. तुमी तिथनं निघा. हिकडं या, आमच्याकडं. हितं तुमाला कुणी जा म्हणणार न्हाई."



मग...

दारातल्या मालकीणबाई एक पाऊल बाजूला सरल्या. जिन्यात समोरून कोणी आलं की आपण सरतो, तशा. त्यांनी मान किंचित लववली. कोणाला तरी नमस्कार केला.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश. खाली खाली जाणारी.

खालचं दार उघडलं... आणि लागलं.

मालकीणबाई म्हणाल्या, "गेली. आता माझी काही तक्रार नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी नोटीस मागे घेतली. वकीलबाईंनी उज्ज्वलाला एवढंच कळवलं की काम झालं आहे. त्या दिवसाबद्दल त्या पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत.

कॉल बंद झाल्यावर मी आईवर चिडले. "हे काय बोलून बसलीस?"

"मंग काय पोरीला रस्त्यावर येऊ देऊ? हितं दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. ऱ्हाईल एक बाई, काय खाती का आपल्याला?"

हिवाळा गेला. काहीच घडलं नाही. एकदा आईनं विचारलं, "जर्मनी लई लांब हाय का गं?" मी हो म्हणाले. "तरीच," ती म्हणाली.

उन्हाळ्यात आई दुपारी आतल्या खोलीचं दार उघडं ठेवायला लागली. पलंगावर एका कडेला सरून झोपायला लागली.

मग एक दिवस मी कॉलेजातून आले, तर ती स्वयंपाकघरात बोलत होती. थांबून थांबून. एक एक शब्द सुटा करून.

आत दुसरं कोणी नव्हतं.

"आई, कोणाशी बोलतेस?"

"तिला मराठी बोलता येत न्हाई ना," आई हसली. "शिकवायले मी."

मी तिला बीडला डॉक्टरकडे नेलं. सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी चांगली स्मरणशक्ती क्वचित बघायला मिळते.

आज चतुर्थी. आई शेजारच्या सुंदरबाईंबरोबर लिंबागणेशला गणपतीच्या दर्शनाला गेली आहे. मी दुपारच्या बसनं घरी आले. दाराला बाहेरून कुलूप होतं. ते मी माझ्या हातानं काढलं.

आतल्या खोलीतून आवाज आला.

"कवा... आलीस?"

शब्द आईचे होते. आवाज तिचा नव्हता. दोन शब्दांच्या मध्ये तो थांबला होता, नवी भाषा बोलणारं माणूस थांबतं तसा.

मी बाहेर ओट्यावर आले. उज्ज्वलाला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, आत जाते आणि तिला स्पष्ट सांगते, निघ इथून.

ती किंचाळली. "नको अक्का! पाया पडते तुझ्या! तिला जा म्हणू नको. ती परत माझ्याकडे येईल. माझा व्हिसा अजून झालेला नाही गं..."

फोन ठेवला तेव्हापासून मी ओट्यावरच बसून आहे. आईला फोन लागत नाही. कुणी जा म्हणणार नाही हा शब्द तिनं दिला आहे, मोडायचा तर तो मलाच मोडावा लागेल, आणि मोडला तर बहिणीचं घर जाईल. अशा भाडेकरूसाठी कोणता कायदा असतो, मला माहीत नाही.

हे लिहीत असतानाच आतून पुन्हा तोच प्रश्न आला.

या वेळी उच्चार जवळजवळ बरोबर होता.