सहावा बोर्ड

पुतणी दुकानात आली ती फॉर्म द्यायला. जानेवारीतला तिसरा गुरुवार, संध्याकाळचे पावणेआठ. शटर अर्धं खाली आलेलं होतं, म्हणून तिच्यामागून तिघं मित्र वाकूनच आत शिरले. चौघांचा शनिवार-रविवारचा बेत ठरला होता. दिवसभर डोंगरावर स्नोबोर्ड शिकायचा आणि रात्री खालच्या गावात गाणी, नाच, जागरण.

"दिवसा पडायचं आणि रात्री नाचायचं," काका चष्मा नाकावर घेत म्हणाले. "कंबर एकच आहे ना गं तुम्हाला?"

काका तीस वर्षं या दुकानात भाड्याच्या बोर्डांना पाय अडकवायचे पट्टे बसवत आले होते. त्यांनी फॉर्मवरून बोट फिरवलं. उंची, वजन, बुटाचा नंबर. शेवटचा रकाना, पुढे कोणता पाय? चौघांनीही लिहिलं होतं, 'माहीत नाही'.

"माहीत नसलं की आम्ही ढकलतो," काका म्हणाले. "न सांगता, मागून. सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो, तोच बोर्डावर पुढे."

मित्र हसले. काका हसले नाहीत. त्यांची नजर भिंतीकडे गेली. तिथे एक जुना निळा बोर्ड पुतणीला आठवतं तेव्हापासून टांगलेला होता. तो विकायचा नव्हता आणि भाड्यानेही द्यायचा नव्हता.

"काका, काहीतरी आहे. सांगा ना."

काकांनी शटर पूर्ण खाली ओढलं. एकच दिवा ठेवला.

"माझ्या ओळखीच्या माणसाचं आहे. खरं घडलेलं. मध्ये खिदळायचं नाही."

त्या माणसाला सगळे 'नकाशा' म्हणायचे. कुठे निघायचं म्हटलं की बस किती वाजता, खोली कितव्या मजल्यावर, जेवण कुठे, नाच कुठे, सगळं आधी कागदावर उतरवल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. त्या वर्षी ऑफिसातल्या तीन मित्रांबरोबर धाकट्या बहिणीलाही न्यायचं ठरलं. आई तयार झाली ती केवळ त्याच्या भरवशावर. "डोळ्याआड होऊ देऊ नकोस तिला," आईने दारात बजावलं. "तिच्याशिवाय परत आलास, तर हे दार तुझं नाही."

शुक्रवारी संध्याकाळी पाचही जण काकांच्या याच दुकानात आले. आधी पाठवलेल्या फॉर्मवरून काकांनी बोर्ड काढून ठेवले होते. सहा.

"आम्ही पाच आहोत," नकाशा म्हणाला.

"तुमच्याच फॉर्मवर सहा आहेत की."

खरंच होते. सहाव्या ओळीत नाव नव्हतं. उंची होती, वजन होतं, बुटाचा नंबर होता. पायाचा रकाना कोरा.

नकाशाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फॉर्म एक रात्र बहिणीकडे होता. म्हणजे बाईसाहेबांनी कुणालातरी गुपचूप बोलावलंय. त्याने फॉर्म तिच्यापुढे धरला.

"दादा, मी कशाला लिहीन?"

"मग काय भुतानं लिहिलं?"

ती तणतणत बाहेर गेली आणि फोन कानाला लावून फिरू लागली. नकाशाचा संशय आणखी बळावला. आत काकांनी चौघांना एकेक करून ढकललं, कुणाचा डावा, कुणाचा उजवा. बहिणीचं राहून गेलं. "तिला सकाळी ढकलू," काका म्हणाले. "आणि एक लक्षात ठेवा. पडलात तरी बोर्ड पायातच राहतो. पट्टे सोडल्याशिवाय पाय सुटत नाही."

पाच बोर्ड त्यांनी लॉजवर नेले. सहावा, निळा, काकांनी आत ठेवून कुलूप घातलं.

रात्री गावातल्या त्या मोठ्या बारमध्ये तिघं मित्र घाम निघेस्तोवर नाचले. नकाशा मात्र दाराकडे तोंड करून बसला. तिला कुणी खुर्ची दिली, की हा तोच का? तिच्याकडे बघून कुणी हसलं, की हा का? सहाव्याच्या उंचीचा माणूस तो गर्दीत शोधत होता.

"दादा, तू मजा करायला आलायस की पहारा द्यायला?"

"तो येणार कधी, तेवढं सांग."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नकाशाला तेही नाटक वाटलं.

एक वाजून वीस मिनिटांनी ते निघाले. लॉजचा रस्ता चढाचा. नुकताच बर्फ पडून गेलेला, त्यावर कुणाचं पाऊल नाही. मित्र पुढे. मग बहीण. तीन पावलं मागे नकाशा. शेवटी तोच. मुद्दामच.

दिव्यांचे खांब संपले.

बहीण एकदम पुढे झेपावली. उजवा पाय आधी पडला. सावरली. वळली.

"दादा! ढकलतोस काय?"

नकाशाचे दोन्ही हात खिशात होते.

तिने ते पाहिले. तिचा राग उतरला. चेहराच उतरला.

"मी... नाही..." तो म्हणाला.

त्याने खाली पाहिलं. तिची पावलं. त्याची पावलं. आणि मध्ये, तिच्या अगदी मागे, आणखी दोन. शेजारी शेजारी. दोनच. कुठून आलेली नाहीत. कुठे गेलेली नाहीत.

"दादा... मी कुणालाच बोलावलं नव्हतं रे..."



त्याने तिचा हात धरला. नजर ठेवायला नव्हे. त्यालाच भीती वाटत होती म्हणून.

रात्रभर तो बाहेरच्या बोळात तिच्या दाराला पाठ लावून बसला. पाचच्या सुमारास डोळा लागला. जाग आली ती हाताला गार लागलं म्हणून.

पाणी होतं. बोळातल्या भिंतीला टेकवलेल्या बोर्डांखालून येत होतं.

त्याने मोजले. पुन्हा मोजले.

सहा.

निळा तिच्या बोर्डाला खेटून होता. ओला. पट्टे उजवा पाय पुढे राहील असे बसवलेले, रात्री तिचा पडला होता तसाच.

काका थांबले. शटरवर वारा आपटला.

"सातला नकाशा तो बोर्ड घेऊन माझ्याकडे आला. कुलूप मीच काढलं. कुलूप शाबूत होतं. आतली जागा रिकामी."

"आणि ती बहीण?" पुतणीने हळूच विचारलं.

"पहिल्या बसनं दोघं घरी. ठणठणीत आहे. त्यानं तिच्यावर पुन्हा कधी संशय घेतला नाही. पण दुकानातून निघताना त्यानं मला ते दाखवलं. मी पाहिलंच नव्हतं तोवर. दोन्ही पट्टे आवळलेले होते. घट्ट. आत बूट नाही, काही नाही..."

"मग तुम्ही सोडले असतील ना?" एक मित्र म्हणाला. आवाज त्याला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला.

"पट्टे सोडल्याशिवाय पाय सुटत नाही," काका म्हणाले. "म्हणूनच... नाही सोडले."

पुतणीने मान वर केली. इतक्या वर्षांत तिने तो बोर्ड हजारदा पाहिला होता, पण असा नीट कधीच नाही.

पट्टे बंद होते. दोन्ही. शेवटच्या खाचेपर्यंत.